ताईसाठी जमवलेलं लोह

प्रिय ताईस,

वाकून नमस्कार. (वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून बसल्या बसल्या केलेलाच गोड मानून घे.) पोटातलं दुखणं कसं आहे? माझं रक्त वाढू दे म्हणून तू ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंस, तेव्हा आधी त्या रक्ताचीच हकिकत सांगते.

तुला रक्त मीच देणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं खरं. पण रक्तपेढीतल्या बाईंनी बोटाला सुई टोचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एक पिशवी मागायला आले होते. हिमोग्लोबिन नऊ! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. विसरायला नको म्हणून मी गोळी आमच्या बाइंडिंगखात्यातल्या अकराच्या चहाला जोडून टाकली. तीन महिने एक गोळी चुकली नाही आणि रक्त जागचं हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. चहा म्हणे साध्या लोहाला पोटातच अडवून धरतो, अंगी लागू देत नाही.

आता हीम लोहाच्या गोळ्या आहेत. त्या जनावराच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून करतात (पहिली मी डोळे घट्ट मिटून गिळली). यातलं लोह एका कड्याच्या आत बसलेलं असतं. आतडं ते कड्यासकट आत घेतं आणि मग सोडवतं, त्यामुळे तिथे चहाची डाळ फारशी शिजत नाही. पानं शिवता शिवता मला हे सगळं दिसायला लागतं. पडदे सोडलेल्या मेण्यात बसून लोह हळूहळू चाललंय, चहा वाटेत ताटकळत उभा आहे, खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकतंय आणि मीही त्याच्याबरोबर कुठेतरी तरंगत चाललेय. परवा अशा तंद्रीत शब्दकोशाला 'अ'नंतर थेट 'म' शिवला. मुकादम ओरडले, तेही पाण्याखालून बोलल्यासारखे. खरं सांगू, हे तरंगणं मला आवडायला लागलंय.

आता हिमोग्लोबिन साडेअकरा झालंय. रक्त द्यायला साडेबारा लागतं.

तुझी,
धाकटी

ता.क. : माझ्यासाठी आणखी थांबू नकोस.

ता.क. २ : तुझ्या गटाचं रक्त पेढीत हवं तेवढं आहे. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तुझं माझ्यावाचून अडलंय, याचं इतकं सुख वाटलं की मी गप्प बसले. आणि तूही पेढीत कधी विचारलं नाहीस. तुला भीती वाटते, ताई, मला माहीत आहे. मलाही वाटते. उद्याच तारीख घे. मी दाराबाहेर बसून राहीन. त्याला हिमोग्लोबिन किती लागतं, ते कुणी विचारत नाही.