आठ पॉइंट आठ

२८ जानेवारी

माफी असावी. दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही – टाळत होते.

आज बारावीची बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा. सगळ्यांना एकच प्रयोग : ऑक्झॅलिक अॅसिडात ब्युरेटमधून परमँगनेट सोडायचं, गुलाबी रंग टिकला की किती मिली लागलं तो आकडा लिहायचा. चोवीसपैकी तेवीस जणांनी दहा लिहिलं. दीपिकाने आठ पॉइंट आठ. बाहेरून आलेले परीक्षक हसले. "हिला मोजताच येत नाही, मॅडम." बारापैकी दोन गुण. मीही मान डोलावली.

"मला तर तेवढंच यायलंय," ती म्हणाली.

तिचे वडील येडबा मेंढ्या घेऊन गंगाखेडकडे गेलेत. मार्क बघून ठरवणार – पुढे शिकवायचं की लग्न लावायचं.

२९ जानेवारी

उरलेल्या द्रावणावर स्वतः प्रयोग केला. आठ पॉइंट आठ. तीनदा.

प्रयोगशाळेतल्या भुजंगला विचारलं, पाणी कुठलं घेतलं होतं? "डिस्टिल्ड संपलं व्हतं. बोअरचं घेतलं. पांढुरकं झालं तवा तुमीच गाळून घे म्हनल्या की."

हो. मीच म्हणाले. आमच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यावरसुद्धा थर बसतो. त्यातल्या कॅल्शियमने ऑक्झॅलेट धरलं, तेच पांढरं दिसत होतं. घाण समजून मी अॅसिडच गाळून टाकायला लावलं. अॅसिड कमी, म्हणून परमँगनेटही कमी लागलं.

म्हणजे एकटी दीपिका बरोबर.

३० जानेवारी

प्राचार्यांना सगळं सांगितलं. "पाकीट सीलबंद होऊन गेलं. आता बोर्डाला पत्र दिलं तर ते विचारतील, बाकीच्यांना दहा आलं कुठून? एका पोरीपायी तेवीस पोरं अडकवता का?"

घरी येऊन पत्र लिहिलं, फाडलं. मुलांसाठी फाडलं की स्वतःसाठी? खरं सांगायचं तर ठाऊक नाही.

१ फेब्रुवारी

स्टँडवर योगीराज भेटला, वर्गातला पहिला. तुला किती आलं होतं रे?

"आठ-आठच की. पण मॅडम, दहाच येतंय म्हणून तुमीच फळ्यावर लिहून देता ना दर वर्षी?"

देते. जर्नल वेळेत पूर्ण व्हावीत म्हणून. चौदा वर्षं.

एसटी आली, गेली. मी तिथेच उभी.

२ फेब्रुवारी

काही नाही. जेवण गेलं नाही.

३ फेब्रुवारी

दीपिका हॉल तिकीट न्यायला आली. तिला बाजूला घेऊन सांगितलं – तुझं बरोबर होतं, पाणी चुकलं.

"म्हाईत हाय, मॅडम. भुजंगमामा बोअरची बादली आणायलते तवा मी दारातच व्हते."

मग परीक्षकांना का नाही सांगितलंस?

"तुमचं नाव आलं असतं."

उद्या : बोर्डाला पत्र. रजिस्टर्ड पोस्टाने.