धाकट्यानं सांगितलेला तोटा

आबा, गेल्या महिन्यात धाकटा साताऱ्याहून न कळवताच माझ्याकडे सांगलीला आला. चहा निवला तरी मोबाइलच बघत बसला. आयकर खात्याचा निरोप होता: तुमच्या नावावर शेअरची विक्री दिसते, रिटर्नमध्ये ती नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मित्राच्या नादानं त्यानं शेअर घेतले, भाव पडल्यावर विकले, साठवलेल्यातलं बरंच गेलं. त्याच वर्षी लेकीच्या कॉलेजसाठी म्युच्युअल फंड मोडला, त्यातला नफा तेवढा दाखवून कर निमूट भरला. तोटा सल्लागाराला सांगितलाच नाही, कारण सल्लागार मेव्हण्याचा दोस्त. बायकोच्या कानावर गेलं असतं.

त्याच्याकडे बघताना मला आपलं साताऱ्याचं स्वयंपाकघर दिसतं. न विचारता तुमची मोटरसायकल नेऊन हा पडला होता आणि कोपर झाकायला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडत होता. आई जखमेला चिकटलेली बाही कोमट पाण्यानं सोडवतेय, हा दात आवळून बसलाय, आणि तुम्ही कारखान्याचा डबा घेऊन दारात उभे. गाडीचं तुम्ही विचारलंच नाही. "पडलास त्याचं काय न्हाई रं," म्हणालात, "सांगितलं न्हाईस, म्हणून चिघळलं."

दुसऱ्या दिवशी मी त्याला गूळ बाजाराजवळच्या एका सल्लागार बाईंकडे नेलं. दंड किती बसेल, एवढंच त्याला विचारायचं होतं. बाईंनी कागद बघितले आणि म्हणाल्या, दंड कसला, हा तोटा तर तुमच्या नफ्यातून वजा होतो. रिटर्न मुदतीत भरलंय, तेव्हा डिसेंबर संपायच्या आत ते सुधारून भरता येतं. कर परत मिळेल, उरलेला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येईल. त्याच्या आधीच्या सालातही थोडा तोटा होता, पण त्याची मुदत टळलेली. उशीर माफ करा असा अर्ज करू, भरवसा मात्र देत नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पैसे परत येणार ते नवरा-बायकोच्या एकत्र खात्यावर. म्हणजे आता तिला सांगणं आलंच. त्यानं तिथल्याच जिन्यावर बसून फोन लावला. मी शेजारीच होते, तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"आवं, एवढंच व्हय? धड जेवत न्हाई, बोलत न्हाई. मला वाटलं, कसला आजारच लपवताय."

मग ती रडली. पैशावरून भांडली ते नंतर, तो घरी गेल्यावर, आणि चांगलं दोन-तीन दिवस भांडली. पण त्या दुपारी धाकटा डोळे पुसून आत आला आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, भरा."

सुधारलेलं रिटर्न गेलंय. पैसे अजून यायचेत, अर्जाचं काय होतं तेही बघायचं. पण कालच भावजयीचा फोन होता. आता शेअरचं काही करायचं झालं तर दोघं एका जागी बसून ठरवतात म्हणे, आणि तो पुन्हा दोन भाकरी खातो.

हे पत्र मी टाकणार कुठं? आणि खरं सांगू, आबा? तुम्ही असता, तर यातलं एक अक्षर तुमच्या कानावर आलं नसतं. आम्ही दोघांनी मिळून लपवलं असतं.