बंद झालेलं पिस्तूल

वेंडेल,

जेवण ओव्हनमध्ये आहे, गरम करून खा. मी ईनिड गावी आपल्या क्लेटनकडे जाते आहे. परत कधी येईन ते आत्ता सांगता येत नाही.

तुझं पिस्तूल उशाजवळच्या ड्रॉवरमधून काढून कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय. गोळ्या माझ्याकडे आहेत. तसलं पिस्तूल आता कुठे बनत नाही, म्हणून त्यावर ओरखडाही येऊ दिलेला नाही.

कुलूप न तोडता आपल्या घरात चोरी झाली तेव्हा शेरीफच्या पोलिसाने विचारलं, "कुणावर संशय आहे?" तू म्हणालास, "कुणावरच नाही." मीही मान डोलावली. शेडमध्ये रंगाच्या डब्यामागे मागच्या दाराची किल्ली असते हे आपल्याखेरीज फक्त आपल्या मुलाला, क्लेटनला, माहीत आहे. तरी दुसऱ्याच आठवड्यात तू पिस्तूल घेऊन आलास आणि म्हणालास, "घराच्या रक्षणासाठी." कुणापासून रक्षण, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आज सकाळी क्लेटनला फोन करून सांगितलं, "यापुढे मागच्या दाराने येऊ नकोस. तुझ्या बापाने पिस्तूल आणलंय."

तो म्हणाला, "ते बनवणं बंद झालेलं? बाबा मला खांद्यावर बसवून बंदुकांच्या दर प्रदर्शनात शोधायचे, तेच?"

मी हो म्हणाले.

"मिळालं का शेवटी त्यांना? बरं झालं, आई."

तो हे मनापासून म्हणाला, वेंडेल. ते ऐकल्यावर मला या घरात बसवेना.

लोरेटा