बोलक्या दगडाचा कौल

माघ शुद्ध २, शके १८५५

आज पुन्हा तेच! नागूमावशी — सासूबाईंची धाकटी बहीण — जनवाड्याहून येऊन चार दिवस झाले, जायचं नाव नाही. मी चुलीपाशी, त्या माजघरात. आवाज मुद्दाम मोठा. "माज्या दिराची लेक हाय की. धडधाकट हाय. दोन वर्सांत पाळणा हलंल बघ, अक्का."

सासूबाई सुपातले खडे निवडत बसल्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही. ह्यांना विचारलं तर म्हणे, "आई म्हणेल तसं." तहसिलीत पेशकार आहेत, साऱ्या आळंदचे कज्जे कागदावर उतरवतात. घरच्या कज्ज्यात मात्र तोंडाला कुलूप!

माघ शुद्ध ४

भाकरी दोनदा करपली. चित्त जाग्यावर नाही.

माघ शुद्ध ५

हैदराबादचे कोणी साहेब निंबर्ग्याकडचा खांबांचा माळ बघायला येणार आहेत. बंदोबस्त ह्यांच्याकडे. हे ऐकताच सासूबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मी बी येते. राजू, तू बी चल. तितं बोलका दगड हाय, कौल लावायचाय."

नागूमावशी गालात हसल्या. कसला कौल, हे काय मला कळत नाही? सवत आणू का नको, दुसरं काय!

जेवताना सासूबाईंनी आपल्या वाटचं दही माझ्या ताटात वाढलं. बोकडालाही आधी चारतातच की.

माघ शुद्ध ८

जाऊन आलो. सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

उजाडायच्या आत गाड्या जुंपल्या. थंडी मी म्हणत होती. "कामून थरथरायलीस गं?" म्हणत सासूबाईंनी आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली. थंडीनं थरथरत नव्हतेच मी.

माळ दिसला आणि खरं सांगते, घटकाभर सगळं विसरले! काळे खांब, एकाला एक चिकटून उभे, शेकड्यांनी. कुणाला पाच कडा, कुणाला सहा — ओळंबा लावून घडवल्यासारखे. माझे वडील, राघोबा मिस्त्री, पुलांचे दगड घडवायचे. अशा एका खांबाला त्यांचे आठ दिवस गेले असते. मी बोटानं कडा मोजत फिरले. साहेबांना गंमत वाटली. म्हणाले, "किसी ने नहीं बनाया, बाई. आग का पानी था. ठंडा हुआ, जम गया." तिथला म्हातारा पुजारी हावगेप्पा म्हणतो, देवाच्या लग्नाचा मांडव होता, मेढी तेवढ्या उरल्या. मला दोन्ही पटलं.

मग साहेबांनी तिकाटण्यावर कॅमेरा लावून आम्हाला खांबांपुढं उभं केलं. हलायचं नाही म्हणे! मला सांगतात, जिचा पाय एका जागी ठरत नाही!

बोलका दगड म्हणजे आडवा पडलेला एक लांब खांब, दोन टोकांना दोन धोंड्यांवर टेकलेला. साहेबांनी त्यावर हातोडी मारली — कांशाचं ताट वाजावं तसा वाजला! हावगेप्पा सासूबाईंना म्हणाला, "मनात इचारा, तोंडानं न्हाई. वाजला तर व्हय. मुका ऱ्हायला तर न्हाई."

तेव्हा मला वडलांचं बोलणं आठवलं. दगड पोटाखाली मोकळा असला की वाजतो, टेकू लागला की मुका होतो. वाकून बघितलं. खाली चार बोटं फट!

साहेब आणि हे फराळाला बसले, हावगेप्पा त्यांच्या चहाच्या गडबडीत, सासूबाई ओढ्यावर पाय धुवायला गेलेल्या. मी दगडाची एक जाडशी चीप शोधली, फटीत सारली आणि गोट्यानं ठोकून बसवली. पक्की. हलवून बघितली, हलेना. वडलांनी शाबासकी दिली असती.

देवाशी लबाडी केली. केली! सवत आल्यावर देव माझ्या बाजूनं भांडायला येणार आहे का?

सासूबाईंनी भंडारा वाहिला. डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग गोटा मारला. ठप्प. पुन्हा मारला. ठप्प. हावगेप्पाच्या कपाळाला आठ्या पडल्या. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या!

परतताना गाडीत त्यांनी माझा हात धरला तो आळंद येईपर्यंत सोडला नाही. हरल्या बिचाऱ्या. मला थोडी कीवही आली.

माघ शुद्ध ९

सासूबाई जेवल्या नाहीत. मी गुणगुणत भांडी घासली.

माघ शुद्ध ११

सासूबाईंनी ह्यांच्याकडून जनवाड्याला चिठ्ठी लिहून घेतली. नकारच असणार. नागूमावशी तीच चिठ्ठी घेऊन निघाल्या. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, वर हसल्या! हरलेलं माणूस असं हसतं का? सकाळपासून तीनदा अंगण झाडलं. मी जिंकले ना? मग बसवत का नाही एका जागी?

माघ शुद्ध १३

सासूबाई परसात एकट्या रडत होत्या. मला ओढून जवळ घेतलं. "नागीला तोंड देऊन देऊन थकले गं. म्हनलं, देवानंच व्हय म्हनलं की तिचं तोंड बंद हुईल. इचारलं, माजी राजूच ऱ्हाऊ दे, दुसरी नगं, व्हय का? दगड बोलला न्हाई, माय. दोनदा मारला. आता कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू? पुनवंला जनवाड्याची पावनी यायल्यात, सोयरिकीला."

चीप हातानं निघायची नाही. मी हलवून बघितली होती.