नंबर नसलेली पन्नासची नोट

मी, रूपराव तानबा निस्ताने, वय ७१, एसटीचा निवृत्त कंडक्टर, राहणार आर्वी, जि. वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पोटभर जेवून आणि नीट विचार करून लिहून ठेवतो. मानेवरची गाठ साधी निघाली असं सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, म्हणजे घाई नाही. तरी लिहितो.

१. आर्वीचं घर आणि बँकेतली ठेव पत्नी नलूला. तिच्या हयातीत मुलगा धनंजय याने घर विकण्याचा विषयही काढू नये.

२. छत्तीस वर्षांत तिकिटाच्या पैशांत सापडलेली चुकीच्या छापाची नाणी-नोटा, एकूण तीन डबे, मुलगी वर्षालीला. यात चोरीचं काही नाही. ड्यूटीवर चढताना खिशातली खाजगी रोकड लिहून द्यावी लागते. मी रोज शंभर रुपये लिहीत असे आणि बॅगेत काही वेगळं दिसलं की तेवढेच पैसे टाकून ते उचलत असे. दोन्ही बाजूंना एकच छाप असलेलं दोन रुपयांचं नाणं मात्र डब्यात मिळणार नाही. आमचे ड्रायव्हर बंडूजी यांनी ते टपरीवर तंबाखू-सुपारीच्या खर्र्यासाठी देऊन टाकलं. त्यांना माफी नाही. साक्षीला बोलावलं आहे, ते वेगळं.

३. नंबर न छापलेली पन्नासची नोट. ही २००३ साली पवनारच्या थांब्यावर भाजीवाल्या सुमित्राबाईंनी तिकिटासाठी दिली. छापखान्याची चूक, हजारोंची वस्तू, हे मी पाहताक्षणी ओळखलं आणि म्हणालो, "बाई, नोट खोटी हाये. राहू द्या, मी बदलून देतो." खिशातले पन्नास त्यांच्या हातावर ठेवले. बाईंनी सगळ्या गाडीला ओरडून सांगितलं, "असा देवमाणूस पाह्यला नाई!"

पुढे मी निवृत्त होईपर्यंत त्या मला वांगी देत राहिल्या. त्यांचं भरीत मी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने चाळीस हजार देऊ केले, तरी विकायचा धीर झाला नाही, आणि बाईंना सांगायचाही.

या मंगळवारी पवनारला जाऊन सांगून टाकलं. बाईंनी भाजीची टोपली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "काऊन सांगून राह्यला आता? लोकाईले तुह्यं नाव सांगत होतो मी." मी पाकिटातून नोट काढली. "चोट्टा निघाला तू," त्या म्हणाल्या. नोट पुढे केली, तर हात लावला नाही. "माह्या नातीले दे. शाल्मलीले. नर्सिंग शिकून राह्यली."

नोट शाल्मलीला त्याच दिवशी दिली. ती तिने विकली, ठेवली, काहीही केलं तरी माझ्या वारसांनी हक्क सांगू नये. चोट्टा हा शब्द ऐकून मला किती हलकं वाटलं, ते वकिलांना कायद्याच्या भाषेत लिहिता आलं नाही. परतताना बसमध्ये गाढ झोपलो. आर्वी आल्याचं कंडक्टरने हलवून सांगितलं.

ठिकाण : आर्वी. दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५.
(सही) रूपराव तानबा निस्ताने

वरील सही आमच्यादेखत झाली.

साक्षीदार १ : बंडूजी गावंडे, आर्वी. "सदर गृहस्थांस चाळीस वर्षांपासून ओळखतो." (सही)

साक्षीदार २ : सुमित्राबाई उरकुडे, पवनार. "सदर गृहस्थांस बावीस वर्षांपासून ओळखते" असं वकिलांनी टाइप केलं होतं. बाईंनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "ते खोडा." दुरुस्त मजकूर : "सदर गृहस्थांस मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर २०२५ पासून ओळखते." (सही)

दुरुस्ती मला मान्य आहे.
रू. ता. निस्ताने