मामांचा पाय

टोकरखाडा, सिल्वासा
दि. १२ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पोस्टाच्या खिडकीत उभी नोकरी काढलेल्या बाईला फोनवर सांगितलेलं खरं वाटत नाही, हे मी मान्य केलं आहे. शिवाय फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि निम्मं चोपडा ऐकतं. म्हणून हे लेखी.

सुकदेवमामांचा उजवा पाय बिघडला आहे. पाऊल वर उचललं जात नाही. चालताना पुढचा भाग लोंबतो, चप्पल गळून पडते आणि फरशीवर फट्‌ असा आवाज होतो. मामा जिन्यात आहेत की अंगणात, हे मला वरच्या खोलीत बसून कळतं. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात ते सुताच्या मशीनवर आहेत, तिथे सतत भराभर फिरावं लागतं. सुपरवायझरने त्यांना तूर्त गेटवर स्टुलावर बसवलं आहे आणि येणारा प्रत्येक ट्रकवाला त्यांना कमरेवरचा नवा उपाय सांगून जातो.

दुखणं कमरेचं नाही. वापीला नसेची तपासणी करून घेतली. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, त्याला वळसा घालून एक नस पुढे येते. तिथे ती कातडीच्या अगदी लगत असते आणि तिथेच दबली आहे. मेलेली नाही, फक्त तिचा निरोप पावलापर्यंत पोचत नाही. पावलाला आधाराची पट्टी दिली आहे. आता हाताने आजूबाजूचे स्नायू मोकळे करून नस सरकती करायची. नेफ्यात नाडा अडकला की आपण कापड मागेपुढे करतो, तसंच. आणि जे केल्याने ती दबली, ते थांबवायचं. ते काय केलं, हे मामा सांगत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. मामाने भाचीच्या पाया पडायचं, भाचीने मामाच्या पायाला हात लावायचा नाही, हा आपला रिवाज मामांना पायापेक्षा प्रिय आहे. मी टेबलाजवळ गेले की ते पाय पोटाशी घेतात. जो पाय उचलता येत नाही, तो त्या वेळी बरोबर उचलला जातो, कारण गुडघा आणि मांडी शाबूत आहेत. क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट मी एकटीच, दुसरं कुणी हे काम करणारं नाही. गजानन सर हाडांचे डॉक्टर आहेत, ते सुया आणि प्लास्टर जाणतात.

लग्नाला तीन महिनेसुद्धा नाहीत. मला उचलून मांडवात नेण्याचा मामांचा बेत आता रद्द समजावा. मला चालता येतं, हे मी साखरपुड्यातच सांगितलं होतं.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ तूर्त मामांना समजावण्यात खर्च करावा.

तुझी,
केतकी


चोपडा
दि. २० सप्टेंबर २०२४

चि. सौ. कां. केतकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग नाड्यापाशी आल्यावर हसले. तुझे बाबा विचारत होते की पोरीने एवढं शिकून शेवटी नाडाच सांगितला का. मी म्हटलं, तुम्हाला कळलं ना, मग झालं.

आता ऐक. बेत रद्द समजावा हे तू सहज लिहून मोकळी झालीस. सुकदेवला मूलबाळ नाही. तू जन्मलीस तेव्हा दवाखान्यातून तुला घरी आणलं ते त्याने, आणि तेव्हाच सांगून ठेवलं की मांडवातही मीच आणणार. त्याला पाय गेल्याचं दुःख नाही, मांडव हुकेल याचं आहे. त्यात धुळ्याच्या रघुनाथला बातमी लागली. तोही नात्याने मामाच, चुलत का होईना. त्याने लगेच फोन केला की सुकदेवला जमत नसेल तर मी उचलतो. गणपतीत आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आला तर त्याला पाणी पाजून पंख्याखाली बसवावं लागलं होतं. तो तुला उचलणार म्हणजे तुम्हा दोघांना उचलायला चार माणसं लागतील.

रिवाजाचा तोडगा मी काढला आहे. दर खेपेला आधी सुकदेवने तुझ्या पाया पडावं, मगच तू त्याच्या पायाला हात लावावा. मान आधीच पोचलेला असला की मागून दोष लागत नाही. हे कुठल्या शास्त्रात आहे असं त्याने विचारलं तर सांग, मोठ्या बहिणीने सांगितलं आहे.

आणि समाधानरावांबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. नसेबद्दल बावीस आहेत. मुलगा बरा आहे ना?

तुझ्या ममतामामीला सांग, भाकरीसाठी कळण्याचं पीठ पाठवते आहे. माया आहेच, ती पार्सलात मावत नाही म्हणून पत्रात घातली.

तुझी आई,
रजनी


टोकरखाडा, सिल्वासा
दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

समाधान बरा आहे.

तुझा तोडगा येण्याआधी मी एक प्रयोग केला होता. मी सांगायचं आणि ममतामामींनी हात चालवायचा. मी सांगितलं होतं, पिकलेला पेरू बघतो तेवढ्याच जोराने दाबा. मामींनी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळावं तसं दाबलं. मामा टेबलावरून उतरले आणि पट्टी न घालता बाहेरच्या पानाच्या टपरीपर्यंत गेले. मामींचं म्हणणं, पाय सुधारला. माझं म्हणणं, प्रयोग बंद.

मग तुझं पत्र आलं. मामांनी ते दोनदा वाचलं, बहिणीच्या सहीवरून अंगठा फिरवला आणि तयार झाले. आता आठवड्यातून तीनदा ते क्लिनिकमध्ये येतात, सगळ्यांच्या देखत वाकून माझ्या पाया पडतात आणि टेबलावर झोपतात. नंतर मी माझं काम करते. उंचवट्याच्या मागचे स्नायू हळूहळू सैल करायचे, मग सरळ पाय वर घेत पाऊल आत-खाली वळवायचं आणि सोडायचं, की नस थोडी ताणते, थोडी सुटते. नसेवर जोर करत नाहीत. तिला वाट करून देतात.

याचा परिणाम मी गृहीत धरला नव्हता. रांगेत बसलेल्या लोकांना वाटलं, इथली हीच पद्धत आहे. प्रथम सायलीचा एक फोर्कलिफ्टवाला, लखन, खांदा दाखवण्याआधी माझ्या पाया पडला. मागोमाग मानेचं दुखणं घेऊन आलेल्या दोन बाया. गेल्या आठवड्यात किलवणीहून एक आजोबा आले, ते नातवाच्या घोट्यासाठी स्वतः पडले आणि नातवालाही पाडलं. गजानन सर चिडले. त्यांनी गुजराती, हिंदी आणि मराठीत पाटी लावली की येथे कोणाच्याही पाया पडू नये. ज्यांना हे सुचलं नव्हतं त्यांनाही त्या पाटीमुळे सुचलं. काल एकाने सरांनाच विचारलं की पाया पडायची सगळ्यांनाच मनाई आहे, की ‘सरांखेरीज’ हा शब्द पाटीत राहून गेला आहे. सरांनी पाटी काढली.

नस कशाने दबली ते कळलं. दसऱ्याला मामींनी मला गच्चीवरून गहू आणायला सांगितलं. तिथे एक गोणी होती, मधोमध माझी जुनी मोरपंखी ओढणी बांधलेली. मामींना विचारलं. त्या आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावला. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी गच्चीवर जात होते. गोणीत माझ्या वजनाइतके गहू. तिच्याशेजारी उकिडवं बसायचं, हात खाली घालायचे, बराच वेळ तसंच बसून दम धरायचा आणि उचलायचं. शिवाय लग्नातल्या कोटासाठी त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. त्या नसेवर जी थोडी चरबीची गादी असते ती गेली, आणि उकिडवं बसून बसून उघडी नस चेपली. पुस्तकात ही दोन्ही कारणं वेगवेगळी दिली आहेत. मामांनी ती एकत्र केली.

ओढणी सोडवून घेतली, गहू दळायला दिले. त्या दिवशी उपचार संपल्यावरही मी हात थोडा वेळ तिथेच ठेवला. उपचारासाठी त्याची गरज नव्हती.

पाऊल आता किंचित हलतं. नस स्वतःच्या वेगाने सुधारते, माझ्या लग्नाची तारीख तिला माहीत नाही. म्हणून मी कुणालाच शब्द देत नाही.

लोभ आहे तसाच असू दे, पाटी लावावी लागेल इतका नको.

तुझी,
केतकी


सिल्वासा
ता. २१-११-२०२४

ती. रजनीताईस,
सुकदेवचा शि. सा. नमस्कार.

ताई, मला पत्राची सवय नाही, चूकभूल पोटात घाल. तुझी लेक लई कडक आहे. आमचा सुपरवायझर बरा, तो निदान चहाला सुट्टी देतो. हिचं म्हणजे उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, रात्री जेवायचं. कोट नाही बसला तर उसवायचा म्हणते. टेबलावर मी बोललो की म्हणते, मामा, पाय सैल सोडा, तोंड नंतर.

पण पाऊल उचललं जातं, ताई. चप्पल आता पायातच राहते. सोमवारपासून परत मशीनवर घेणार. लाइनीतली पोरं म्हणतात, सुकदेवभाई, फट फट बंद झालं, तुम्ही मागून कधी येता ते कळत नाही, आता मोबाइल कसा बघायचा. फक्त अंगठा राहिला आहे. केतकी म्हणते, तो सगळ्यात शेवटी उठेल, घरातली काही माणसं उठतात तसा.

रघुनाथला सांग, तब्येत सांभाळ. त्याची गरज पडणार नाही.

खरी गोष्ट आता. तिने गोणी बंद केली तेव्हा मी विचारलं, मग प्रॅक्टिस कशी करू. परवा क्लिनिक बंद करायच्या वेळी म्हणाली, मामा, उभे राहा, कंबर ताठ, गुडघ्यात थोडंच वाका. आणि स्वतः माझ्या हातावर बसली. ताई, मी घाबरलो, भिंतीला टेकलो. ती म्हणाली की गोणी बोलत नाही, मी बोलेन, आधी टाच टाका. टाच, टाच करत तिने मला वजनकाट्यापर्यंत चालवलं. तिथे दोघंही काट्यावर चढलो. काटा फिरला आणि अडकला. गजानन डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

ती गोणीपेक्षा हलकी लागली. हे तिला सांगू नको, लगेच वजन करायला लावेल.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या मायेवरच पाय चालला आहे, कमी करू नको.

तुझा,
सुकदेव


चोपडा
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. सौ. केतकीस व चि. समाधानरावांस,
अनेक शुभाशीर्वाद.

घर सुनं आहे, डबे अजून पाहुण्यांच्या घरी आहेत, आणि माझी तक्रार आहे. नवरीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नाहीत, मागच्या दारी तुळशीला पाणी घालत बसायचं, हा रिवाज ज्याने काढला त्याला लेक नसावी. मी तिथे तांब्या धरून बसले आणि मांडवात काय चाललं आहे ते फक्त कानाला कळत होतं. आधी टाच टाच असा गलका. मग बँड. आणि मग तुझं हसणं. शेजारची मंगला धावत येऊन विचारायला लागली की हे कोण हसतंय. सव्वीस वर्षांत तिने तुझं हसणं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर एकदम शांत झालं. काय झालं ते जो तो वेगळं सांगतो. रघुनाथ म्हणतो, अनर्थ झाला, पोरीने भर मांडवात मामाच्या पायाला हात लावला. ममता म्हणते, काही पडलं होतं ते उचलायला तू वाकलीस. सुकदेवला विचारलं तर त्याचे डोळे भरतात आणि तो पाणी प्यायला जातो. तू मोजूनमापून सांगणारी आहेस, म्हणून तुलाच विचारते.

लोभ तुझ्या नव्या घराच्या पत्त्यावर वळवला आहे, पोचल्याचं कळव.

तुझी आई,
रजनी


किलवणी रोड, सिल्वासा
दि. १८ डिसेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

लोभ पोचला. समाधान नमस्कार सांगतो आहे. तो बरा आहे, आणि यापुढे त्याच्याबद्दल दोन ओळी लिहीन, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. ही एक झाली.

मांडवातलं क्रमाने सांगते. मामांनी मला खोलीच्या दारात उचललं. मी त्यांच्या कानाशी टाच, टाच म्हणत होते. मामांना घाम फुटला आणि तेही मोठ्याने म्हणायला लागले. आपल्याकडच्या बायकांना तो विधी वाटला, त्या म्हणू लागल्या. मुलाकडच्यांना वाटलं, चोपड्याची हीच पद्धत, तेही म्हणू लागले. बँडवाल्याने ताल धरला. समाधानच्या आत्याने मला नंतर विचारलं की परतीच्या वेळी पण टाच म्हणायचं का. मी हसले ते बँड सुरू झाला तेव्हा. मामा पूर्ण अंतर चालले. एकदाही पाऊल घसटलं नाही.

पाटाजवळ त्यांनी मला उतरवलं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पाया पडले. त्या वेळी त्यांचे पाय उघडे होते, आणि उजव्या पायाचा अंगठा आमच्या टेबलावर एकदाही हलला नव्हता. म्हणून मी खाली वाकले, अंगठ्यावर बोट ठेवलं आणि मामांना म्हटलं, वर करा.

अंगठा वर आला.

रघुनाथमामांना सांग, मी तपासणी करत होते. भाची मामाच्या पायाला हात लावत नाही, हे मला माहीत आहे.

तपासणीला एक बोट पुरतं. मी दोन्ही हात लावले होते. हे फक्त तुला.

लोभ असावा, आणि या वेळी स्पीकर बंद असावा.

तुझी,
केतकी