सहा-बी पेन्सिल आणि सूनबाईचं ग्राफिक्स कार्ड

३ नोव्हेंबर, सकाळ
किर्रर्र! दगडी पाटीवर पेन्सिल दाबून ओढली की यायचा तो आवाज. वर्ग कानात बोटं घालायचा, मी आणखी दाबायचो. गुरुजी म्हणायचे, हात हलका ठेव रे, पाटी फुटेल. पाटी फुटली. ती आधीच तडकलेली असणार.

आज सूनबाईच्या लॅपटॉपचा पंखा अगदी तसाच किरकिरला. डोळे भरून आले.

सूनबाई आर्किटेक्ट, बाहेरगावी बांधकामाच्या साइटवर गेली आहे. तिने आखलेल्या मुलांच्या वाचनालयाची फिल्म या लॅपटॉपमध्ये तयार होते आहे, एकामागून एक चित्र. बारा तारखेला कमिटीला दाखवायची. फिल्म पसंत पडली तर वाचनालय तिचं. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. जाताना बजावून गेली : बाबा, चालू राहू द्या, बंद करू नका, हात लावू नका.

तीनपैकी दोन सूचना मी तंतोतंत पाळणार.

४ नोव्हेंबर
फिल्म गोगलगायीच्या चालीने चालली आहे. लॅपटॉपच्या झाकणावर पिवळ्या गोगलगायीचं स्टिकरही आहे. सूनबाईच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी चिकटवलेलं. अपशकुन!

उपाय सापडला. ओव्हरक्लॉकिंग. लॅपटॉपमध्ये चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचं. मग बेंचमार्क लावायचा, म्हणजे कार्डाची वार्षिक परीक्षा. गुण मिळतात. इंटरनेटवर आपल्या मराठी मंडळींचा एक गट आहे, तिथे यादी लागते.

हे सगळं सूनबाईसाठीच. कार्ड पळालं की फिल्म पळेल. परीक्षेपुरती फिल्म थांबवली. दहा मिनिटं.

५ नोव्हेंबर
यादीत नाव लागलं! खालून वाचल्यास लगेच सापडतं. टोपणनाव घेतलं : ध्रुवतारा.

यादीत सर्वांत वर ‘मागचा बाक’ नावाचं कोणी. विशीतलं कार्टं असावं. त्याला आशीर्वाद पाठवला : बाळ, यशाने माजू नकोस.

उलट उत्तर आलं : तुम्हीही नका, बाळ.

ही पिढी!

फिल्म पुन्हा सुरू करायची राहिली. उद्या.

६ नोव्हेंबर
विहीणबाईंचा फोन. लेकीची फिल्म कुठवर आली, विचारत होत्या. म्हटलं, झकास! मग म्हणाल्या, मागे कसला पंखा ओरडतोय? म्हटलं, जुन्या आठवणी आहेत. त्यांना त्यातलं काय कळणार! बोटाला चटका बसलाय म्हणे. इस्त्रीचा का, विचारलं. म्हणाल्या, तसंच काहीसं. या वयात इस्त्री धरता येऊ नये, कमाल आहे.

लॅपटॉप बर्फाच्या पिशवीवर ठेवला. गुण वाढले. टेबलावर तळं झालं. आमच्या हिने फडकं आणून दिलं आणि विचारलं, लॅपटॉपला ताप आलाय की तुम्हाला?

७ नोव्हेंबर
वेग वाढवायची सोय संपली. आता व्होल्टेज. कार्डाला वीज जास्त पाजायची. गटात याला ‘व्होल्ट मोड’ म्हणतात. हिला सांगितलं. ही म्हणाली, मोड कशाला सांगावं लागतं, तुमचा हात लागला की आपोआप मोडतं.

म्हटलं, मोडेन पण वाकणार नाही.

ही म्हणाली, तुम्ही मोडा हो, लॅपटॉप पोरीचा आहे.

कृती मात्र काय गोड! वीज अडवणाऱ्या एका इवल्याशा रेझिस्टरवर चक्क पेन्सिल फिरवायची. शिशातून वीज वाट काढते, व्होल्टेज चढतं. पेन्सिल! पाटीपासून सुरू झालेलं वर्तुळ पूर्ण. भुजंगप्रयातात दोन ओळी स्फुरल्या, गटात टाकल्या :

उठा कार्डराया, चढा आज माथा
तुम्हां व्होल्ट देण्या पेन्सिल हाता

‘मागचा बाक’ने लिहिलं : पेन्सिल वृत्तात बसत नाहीये. रेझिस्टरवरही जपून बसवा. एच-बी घ्या, एकच रेघ, हात हलका. चुकलं तर खोडता येतं.

वृत्ताची चूक काढतंय कार्टं! बरोबर आहे, पण काढावी का?

८ नोव्हेंबर
एच-बी ही कारकुनांची पेन्सिल. माझ्याकडे सहा-बी आहे, काळीकुट्ट, चित्रकलेची. तळाचं झाकण उघडलं. स्क्रू वाटीत ठेवले. वाटी हिने घासायला नेली. काही स्क्रू मिळाले.

एक रेघ मारली. गुण वाढले! यादीत खालून शोधावं लागलं, इतका वर गेलो. ‘मागचा बाक’ने लिहिलं : छान, आता थांबा.

घाबरला.

९ नोव्हेंबर
पुन्हा रेघ. मग आणखी. शेवटी छायाप्रकाश साधला.

लॅपटॉप सुरू होत नाही.

विश्रांती घेत असावा.

१० नोव्हेंबर
अजून विश्रांती. बटण दाबलं, गोंजारलं, कविता म्हणून दाखवली. हिने पाहिलं. मग एवढंच म्हणाली, वाचनालयात लहान मुलांसाठी खिडकीत बसायची जागा काढली होती तिने, मला कागदावर दाखवलं होतं.

मलाही दाखवलं होतं. मी तेव्हा स्वतःच्या कविता ऐकवत होतो.

खोडून पाहावं म्हटलं, पण घरात खोडरबर नाही. मी कधी बाळगलाच नाही. तत्त्व आहे : मोडेन पण खोडणार नाही.

गटात खुलासा टाकला : ध्रुवतारा तांत्रिक कारणाने ढगाआड. सोबत उघड्या लॅपटॉपचा फोटो. ‘मागचा बाक’ने विचारलं, वरचं झाकण दाखवा. तोही फोटो पाठवला, गोगलगायीसकट. त्यानंतर चकार शब्द नाही. हिरमुसलं असेल, प्रतिस्पर्धी गेला म्हणून. लहान आहे.

सूनबाईचा निरोप : उद्या संध्याकाळी येते, बाबा. फिल्म झाली ना?

उत्तराचा मसुदा करतो आहे. गद्यात जमत नाही.

११ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. ती आली की शांतपणे सांगायचं, वीज गेली होती. नाही, हिच्यासमोर ते चालणार नाही. मग खरं सांगायचं, पण टप्प्याटप्प्याने. आधी पाटीपासून सुरुवात करावी.

बेल वाजली. सूनबाई इतक्या लवकर? मी पेन्सिल खिशात लपवली. दार हिने उघडलं.

विहीणबाई. न कळवता. बोटाला पट्टी, कपाळावर सरकवलेलं भिंग, एका हातात स्क्रूड्रायव्हरची पेटी, दुसऱ्यात नवा कोरा खोडरबर. हिला म्हणाल्या, चहा नंतर. मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात विचारलं, ध्रुवतारा, जरा जागचे हलता का?